पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चची कमिटी का? आणि भाजीसाठी जमीन कुणाकडे मागायची?

मेथीवाली
गेल्या वर्षी कॉव्हेंट्रीतला फ्लॅट सोडून आम्ही इथे इंग्लंडमध्येच वॉर्विकशायरमधल्या एका खेड्यात राहायला आलो. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर काउंटी, जिल्हा, पोलीस आणि खाली आणखी एक ओळ: पॅरिश. नवरा म्हणाला, चर्चची वर्गणी असेल, देऊन टाक. (त्याला सगळ्याच वर्गण्या गणपतीच्या वाटतात.) काल बसथांब्याजवळच्या फलकावर पॅरिश कौन्सिलच्या बैठकीची नोटीस दिसली. विषय: मैदानातला मोडका झोपाळा, शेतात चार घरं बांधायचा अर्ज, अलॉटमेंटचं (भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याचं) भाडं. अलॉटमेंट वाचलं आणि मी तिथेच थांबले. आमच्या मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे वाळतात तेवढीच जागा, आणि मला मेथी, लाल माठ लावायचाय. मागायचं कुणाकडे? बैठकीला जाऊन बसलं तर चालतं का? गल्लीच्या तोंडावरचा खड्डाही यांनाच सांगायचा ना?

बांधावरचा
मी सहा वर्षं आमच्या गावात पॅरिश कौन्सिलर आहे. पगार शून्य, बोलणी भरपूर. १८९४ च्या कायद्याने गावकारभार चर्चकडून काढून या कौन्सिलांकडे दिला. चर्चची कमिटी वेगळी, तिचा तुमच्या बिलाशी संबंध नाही. ती ओळ म्हणजे प्रीसेप्ट. घरपट्टीच समजा, फक्त वसूल जिल्हा करतो आणि आम्हाला देतो.

जमिनीसाठी क्लार्कला लिहा. क्लार्क म्हणजे इथला ग्रामसेवक. बहुतेक अर्धवेळ, पण सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. पूर्ण प्लॉट जुन्या मापाने १० रॉड, म्हणजे २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. अर्धाच मागा. मी हौसेने पूर्ण घेतला आणि पहिलं वर्ष हरळीसारखं एक गवत उपटण्यात गेलं. दुसरंही, खरं सांगायचं तर.

बैठकीला खुशाल जा. निदान तीन दिवस आधी नोटीस लावावी लागते, ती तुमच्यासाठीच. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला गावकऱ्यांना बोलू देतात, मग गप्प बसून ऐकायचं. घरांच्या अर्जावर पॅरिश नुसतं मत कळवते. खड्डा काउंटीचा, कचरा जिल्ह्याचा. तरी दर बैठकीत खड्ड्यावरून कुणीतरी आमच्यावरच ओरडतं.

मेथीवाली
आणि प्लॉटच शिल्लक नसले तर? आमचे पासपोर्ट अजून भारतीय, मतदार नाही, म्हणजे आमचं ऐकणार कोण?

लेस्टरची मावशी
अगं, मतदार होता येतं! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, व्हिसा चालू असला तरी इथल्या स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. आधी यादीत नाव घाल. उभं राहायचं असेल तर मात्र आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, हवा. प्लॉट नसतील तर सहा जण गोळा कर, मतदार किंवा कौन्सिल टॅक्स भरणारे. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा जणांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. जमीन लगेच मिळेल असं नाही हं. आणि १ मार्च ते १ जून यांच्यामध्ये गावाची वार्षिक सभा होते. ती कौन्सिलची नव्हे, मतदारांची, अगदी ग्रामसभाच. तिथे बोल. चहा-बिस्किटं असतात.

मेथीवाली
क्लार्कबाईंचं उत्तर आलं. अर्ध्या प्लॉटच्या यादीत माझा नंबर चौथा. खाली विचारलंय, मेथी फार उंच वाढत नाही ना, कारण झाडं लावायला परवानगी नाही.