ग्लासांच्या किणकिणाटासकट

जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या ट्रिओच्या (तिघांच्या चमूच्या) 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबमधल्या ध्वनिमुद्रणात लोकांची कुजबुज आणि ग्लासांचा किणकिणाट रसभंग करतो, अशी तक्रार ऐकली. मला तर तो हवासाच वाटतो. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधला तळघरातला छोटासा क्लब, दुपारी दोन आणि रात्री तीन अशी पाच सत्रं. समोर लोक गप्पा मारताहेत आणि हे तिघं मात्र एकमेकांना जिवाचा कान करून ऐकताहेत! स्कॉट लाफारोचा डबल बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) नुसता ठेका धरून बसत नाही. पियानोचं वाक्य अर्ध्यावर उचलतो, पुढे नेतो. (जुगलबंदी म्हणणार होतो, पण इथे चढाओढ नाहीच.) ड्रम्सवर पॉल मोशनचे ब्रशही तसेच, अगदी हलके.

अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय अवघं २५. इव्हान्स त्यानंतर कित्येक महिने मैफलींपासून दूर राहिला. त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणातून निघालेल्या 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' या अल्बमची सुरुवात आणि शेवट, दोन्ही लाफारोच्याच रचनांनी होतात. शेवटची 'जेड व्हिजन्स' रात्री दिवे मालवून एकदा ऐकाच. मागच्या त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना काहीच ठाऊक नाही, हे दर वेळी जाणवतं.