सावित्री पुलाला 'रूप नाही' म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

लाल_डबा: काल इथे एकाने महाडच्या सावित्री पुलाचे दोन फोटो शेजारी-शेजारी टाकले. एकात जुन्या दगडी कमानी, दुसऱ्यात नवा पूल. खाली ओळ: 'कुठे ती घडीव कमान आणि कुठे ही काँक्रीटची फळी.' सगळे वा वा करतायत. अहो, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तीच घडीव कमान पुरात गेली. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, दोन एसट्या माणसांसकट गेल्या. माझा मामा त्या संध्याकाळी आधीच्या गाडीने निघाला होता. आई पहाटेपर्यंत फोन लावत बसली होती. 165 दिवसांत उभी राहिलेली फळी मला देखणीच वाटते.

खाडीकाठ: मामा सुखरूप, बरं झालं. पण पूल देखणा होता म्हणून पडला का? दगडांच्या सांध्यात झाडं उगवली होती, ती उपटायला कुणाला वेळ नव्हता. रत्नागिरीजवळ रेल्वेचा पानवलचा पूल बघा. 64 मीटर उंच, नुसते काँक्रीटचे खांब. तरी अख्खा डबा खिडकीला चिकटतो. तेव्हा काँक्रीटवर माझा राग नाही, आळसावर आहे.

बिरवाडीचा: जुन्याच्या शेजारी दुसरा पूल तेव्हाही होता, तो राहिला. त्याचा फोटो कुणी काढत नाही, बिचारा.

नाणेवाली: रूप राहू दे. हायवेवरच्या नव्या पुलांचे कठडे एवढे उंच का? आजी प्रत्येक नदीला नाणं टाकायला लावायची. वाशिष्ठी आली की हात जोड, जगबुडी आली की हात जोड. आता कारमधून पाणीच दिसत नाही. गेल्या गणपतीत मुलाने नाणं टाकलं, कठड्यावर आपटून टण्णकन परत आलं, आमच्याच बॉनेटवर. तिथे चरा पडलाय.

लाल_डबा: चालत्या गाडीतून नाणं? मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात गेलं म्हणजे? जगबुडीवरून 2013 ला खासगी बस खाली गेली, 37 माणसं मेली. कठडे उंचच हवेत.

वेंगुर्ल्याचो: मुंबैत बसान पुलाचा रूप बघूक काय जाता तुमचा! वर्षातून दोनदा येतलास, आमका रोज जावचा लागता.

नाणेवाली: चाकरमानी म्हणून हिणवू नका. घरपट्टी आम्हीही भरतो.

वेंगुर्ल्याचो: भरतास, पण परड्यातलो माड कोण शिंपता?

खाडीकाठ: झालं, पुलावरून माडावर.

जुनं_ते_सोनं: ब्रिटिशांनी पुलाचं आयुष्य संपल्याचं पत्र पाठवलं होतं, ते आधी वाचा.

बिरवाडीचा: ते पत्र सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, टपालाने कुणाकडे आलंय ते सांगा. मी महाडात जन्म काढला, मला तरी भेटलं नाही.

लाल_डबा: खाडीकाठ, झाडांचं मान्य. पण देखभाल होणारच नसेल, तर ज्याच्यात झाड रुजायला फट नाही तोच पूल बरा.

खाडीकाठ: व्वा. म्हणजे आळस गृहीत धरून बांधा. तुम्हाला मुख्य अभियंताच करायला हवं.

बिरवाडीचा: ताई, एसटीने या. खिडकी उंच असते, कठड्यावरून सावित्री दिसते.

नाणेवाली: शनिवारी येतेय, एसटीनेच. पाच रुपयांचं नाणं काढून ठेवलंय. परत आलं तर कंडक्टरला तुमचं नाव सांगेन.