मदत हवी आहे: कंडोम पुन्हा पुन्हा फाटतोय, नेमकं कुठे चुकतं?

अबोली:
नमस्कार मंडळी. इतक्यात मूल नको म्हणून आम्ही दोघं फक्त कंडोम वापरतो. महिन्याभरात दोनदा फाटला, दुसऱ्यांदा परवा रात्री. साधा लॅटेक्सचा आहे, मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत. कोरडेपणा जाणवतो म्हणून थोडं खोबरेल तेल लावतो. एकदोन कंडोम नवऱ्याच्या पैशांच्या पाकिटात असतात, त्यातलेच वापरले जातात.
कंपनी बदलावी का? जाड घ्यावा का? एकावर एक दोन घातले तर? आणि मुळात कंडोमवर कितपत विसंबावं? प्रश्न बाळबोध वाटले तरी सविस्तर सांगा, प्लीज.

रातराणी:
अबोली, कंपनीचं नंतर बघू. आधी हे सांगा: फाटल्याला नेमके किती तास झाले? पाळी सुरू झाल्यापासून आजचा कितवा दिवस? क्षयाची किंवा फिट्सची औषधं चालू आहेत का? आणि दोघांच्या एचआयव्हीच्या तपासण्या झालेल्या आहेत का?
उत्तर द्यायला वेळ लागणार असेल तर तोवर एक करा, आतून पाण्याने किंवा साबणाने धुऊ नका. शुक्रजंतू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखात शिरतात, धुण्याने ते मागे येत नाहीत. उलट आतल्या नाजूक त्वचेला इजा होते.

अबोली:
साधारण ४० तास झाले. आज बारावा दिवस. दोघांनाही कुठलीच औषधं चालू नाहीत. एचआयव्हीची तपासणी दोघांचीही झाली आहे, त्यात काही नव्हतं आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाशी संबंध नाही.

रातराणी:
मग हे वाचून झालं की लगेच डॉक्टरांकडे निघा. बारावा दिवस म्हणजे बीज बाहेर पडायच्या ऐन तोंडावरचा काळ.
गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर घ्यायची लिव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी असते. ती ७२ तासांच्या आत घ्यायची, पण ७२ तास ही शेवटची हद्द आहे. जितकी लवकर तितका उपयोग जास्त. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर फारसा फायदा होत नाही, म्हणून घाई करायची. तशीच दुसरी गोळी युलिप्रिस्टाल ३० मिलिग्रॅम मिळत असेल तर ती १२० तासांपर्यंत चालते आणि बीज सुटायच्या अगदी आधीच्या दिवसांत जास्त प्रभावी ठरते. तुमच्या दिवसांकडे बघता डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. सगळ्यात खात्रीचा उपाय तांबी. पाच दिवसांच्या आत बसवली तर गर्भ राहण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी उरते आणि पुढची काही वर्षं गर्भनिरोधनाची चिंताही मिटते.
गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर डोस पुन्हा घ्यावा लागतो. वजन ७० किलोच्या वर असेल तर लिव्होनॉरजेस्ट्रेल कमी पडू शकते, तेही डॉक्टरांना सांगा. औषधांचं विचारलं कारण रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन यांसारख्या गोळ्यांमुळे तिचा परिणाम घटतो.
ही गोळी झालेल्या संबंधासाठी आहे, पुढच्यासाठी नाही. उद्या पुन्हा संबंध आला आणि कंडोम नसेल तर कालच्या गोळीचा आधार धरू नका. पाळी काही दिवस मागेपुढे होईल. संबंधाला तीन आठवडे झाल्यावर लघवीची चाचणी करा, त्याआधी केलेल्या चाचणीत 'नाही' आलं तरी ते पक्कं नसतं.

कुंपण:
रातराणींनी महत्त्वाचं सांगितलंच आहे. आता फाटण्याचं कारण शोधू. फाटलेला कंडोम नीट बघितला तर बहुतेक वेळा तोच कारण सांगतो.
टोकाला फाटून कडा चिंध्यांसारख्या झाल्या असतील तर टोकात हवा राहिली होती. घालताना टोक चिमटीत धरलं नाही की तिथे हवेचा फुगा अडकतो. मग वीर्याला जागा उरत नाही आणि ताण टोकावर येतो. एका बाजूला उभी चीर असेल तर बहुधा नख, अंगठी किंवा पाकीट फोडताना लागलेला दात. मधल्या भागात रबर विरल्यासारखं, चिकट किंवा बुळबुळीत होऊन फाटलं असेल तर तेल. फाटला नाही पण निसटून आत राहिला, तर माप मोठं किंवा बाहेर काढायला उशीर झाला.
तुमच्या बाबतीत तेलाची शंका पहिली. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, मॉइश्चरायझर, मसाजचं तेल यांपैकी काहीही लॅटेक्सला लागलं की रबर मऊ पडतं आणि काही मिनिटांतच त्याची ताकद खूप घटते. डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून फसगत होते. योनीतल्या बुरशीसाठी दिल्या जाणाऱ्या बऱ्याचशा क्रीमना आणि आत ठेवायच्या गोळ्यांना तेलकट बैठक असते. त्याही लॅटेक्सला कमजोर करतात. असं औषध चालू असताना आणि संपल्यावरही काही दिवस लॅटेक्सवर भिस्त ठेवू नका.
तेलाऐवजी पाण्याचा आधार असलेलं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट घ्या. पाण्याचं थोड्या वेळाने वाळतं. तेव्हा पुन्हा थोडं लावा, थांबायला लाजू नका. कंडोमच्या बाहेरून आणि योनीमुखाशी सढळ हाताने लावायचं. आत मात्र टोकाशी एकच थेंब. त्याहून जास्त झालं की कंडोम सरकायला लागतो.
पैशांच्या पाकिटाचा मुद्दाही छोटा नाही. अंगाची ऊब, बसताना पडणारा दाब, घड्या आणि घासणं यांनी रबर म्हातारं होतं. मुदतीची तारीख थंड, कोरड्या जागी ठेवलेल्या पाकिटासाठी छापलेली असते. एकदोन दिवसांपुरता जवळ ठेवला तर ठीक, महिनोन्महिने नाही. उन्हात तापणाऱ्या गाडीचंही तेच.

अबोली:
गोळी घेतली, बेचाळिसाव्या तासाला. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी चाचणी करायला सांगितलंय. खूप आभार. आत्ता आठवतंय, दोन्ही वेळा फाटलं ते टोकाकडेच. घालायची योग्य पद्धत एकदा पहिल्यापासून सांगाल का? आम्ही तर पाकीट दातांनीच फोडतो.

पिंपळपान:
पाकीट हातात घेऊन मधोमध हलकंच दाबा. आत हवेची उशी जाणवायला हवी. नसेल तर पाकिटाला कुठेतरी छिद्र आहे, टाकून द्या. तारीख वाचा. मग कंडोम बोटाने एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूने, जिथे खाच असते तिथून, हाताने फाडा. दात नाही, कात्री नाही.
लिंग पूर्ण ताठ झाल्यावरच घालायचा आणि कुठल्याही स्पर्शाआधी. "आधी थोडा वेळ तसंच, मग घालू" हे धोक्याचं आहे. वीर्य येण्याआधी जो पातळ स्राव येतो त्यातही शुक्रजंतू असू शकतात आणि संसर्ग तर पहिल्याच स्पर्शात होऊ शकतो.
आता बाजू बघा. गुंडाळलेली कडा बाहेरच्या अंगाला हवी, म्हणजे टोपी डोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो आणि बोट लावताच सहज उलगडतो. उलगडत नसेल तर उलटा आहे. उलटा करून तोच लावू नका, त्याला स्राव लागलेला असतो. नवा घ्या. लिंगाची पुढची त्वचा असेल तर ती मागे घ्या. टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. एक-दीड सेंटिमीटर जागा रिकामी राहायला हवी. दुसऱ्या हाताने पार मुळापर्यंत उलगडा. मग मुठीने वरून खाली हलकंच फिरवून अडकलेली हवा काढा. तुमच्या बाबतीत हीच पायरी राहत असणार, असं वाटतंय.
मध्येच फाटल्याचं जाणवलं तर तिथेच थांबा. आणि वीर्य आल्यावर आत रेंगाळू नका. लिंग सैल होण्याआधी कंडोमची कडा मुळाशी धरून बाहेर काढायचं. बरेच अपघात या शेवटच्या मिनिटात होतात. काढल्यावर गाठ मारा, फाटलाय का ते उजेडात बघा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात सोडला की नळी तुंबते.
एक कंडोम, एक संबंध. पुन्हा संबंध तर पुन्हा नवा.

कुंपण:
एकावर एक दोनचं राहिलं. नको. दोन थर एकमेकांवर घासतात, सरकतात, आणि आतला निसटला तर बाहेरच्याला कळतही नाही. पुरुषाचा आणि स्त्रीसाठीचा असे दोन्ही एकाच वेळी वापरणंही याच कारणाने टाळायचं. जाड कंडोमनेही फारसा फरक पडत नाही. आयएसओ ४०७४ या मानकाप्रमाणे प्रत्येक बॅचमधले नमुने ३०० मिलिलिटर पाण्याने भरून गळतीसाठी आणि हवा भरून फुटेपर्यंत तपासतात. साध्या मापाचा कंडोम १६ लिटरहून जास्त हवा झेलतो. म्हणून कंपनीवर शंका घेण्याआधी वापर आणि माप तपासा.

निशिगंधा:
मापाबद्दलच विचारायचं होतं. पाकिटावर ५२ मिमी, ५६ मिमी असं लिहिलेलं असतं, ते लांबीचं नसणार ना?

पिंपळपान:
नाही, ती रुंदी. कंडोम सपाट ठेवला तर आडवा किती भरतो ते. लांबीची काळजी करू नका, मानकाप्रमाणे ती किमान १६ सेंटिमीटर असते. मुळाशी थोडा गुंडाळलेला राहिला तरी बिघडत नाही.
कागदाची पट्टी ताठ लिंगाच्या सर्वांत जाड भागाभोवती गुंडाळा आणि पट्टी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर ११ ते १२ असेल तर ५२-५३ मिमी बसतो. १० च्या आसपास असेल तर ४७-४९. १३ किंवा जास्त असेल तर ५६ ते ६०. घेराच्या निम्म्याहून थोडा कमी असं धरा, कारण रबर ताणूनच जागेवर राहतं. घट्ट असेल तर उलगडताना अडतो, मुळाशी खोल वळ उठतो आणि फाटायची शक्यता वाढते. सैल असेल तर सुरकुत्या पडतात आणि सरकतो. आढ्यतेने मोठं माप घेणारे नेमके इथेच फसतात. माप चुकीचं असलं की "कंडोमने मजा जाते" ही तक्रारही सुरू होते.

निशिगंधा:
आणि वापरल्यावर जळजळ होत असेल तर? दोघांपैकी एकालाच होते.

रातराणी:
लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते, किंवा वरून लावलेल्या पदार्थाची. आधी सुगंध, चव आणि शुक्रजंतुनाशक नसलेला साधा कंडोम वापरून बघा. नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक आतल्या त्वचेला हुळहुळं करतं आणि वारंवार वापरलं तर एचआयव्हीचा धोका उलट वाढवतं. ते टाळलेलंच बरं. 'जास्त वेळ टिकणाऱ्या' कंडोममध्ये आतून बधिर करणारं बेंझोकेन असतं, त्याचीही जळजळ होऊ शकते. तरीही त्रास राहिला तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचे घ्या. लक्षात ठेवा, पॉलियुरेथेनला तेल चालतं, पॉलिआयसोप्रीनला चालत नाही. मेंढीच्या आतड्याचे 'नैसर्गिक' कंडोम गर्भ रोखतात, पण त्यांच्या छिद्रांतून विषाणू पार होतात. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर लगेच डॉक्टर गाठा.
स्त्रीसाठीचा कंडोम हाही पर्याय आहे. नायट्राइल या कृत्रिम रबराचा असेल तर तेल चालतं, लॅटेक्सचा असेल तर नाही. संबंधाआधी निवांत बसवता येतो. आतली कडी चिमटून खोल सरकवायची, बाहेरची कडी बाहेरच राहायला हवी. पहिल्या दोनतीनदा अवघडल्यासारखं होतं, मग हात बसतो.

अबोली:
शेवटचा प्रश्न, कंडोमवर कितपत विसंबावं?

रातराणी:
प्रत्येक वेळी आणि बिनचूक वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांमागे साधारण दोघांना गर्भ राहतो. पण प्रत्यक्षात लोक जसे वापरतात, म्हणजे कधी विसरून, कधी उशिरा घालून, तसं धरलं तर तेरा जणांना. या दोन आणि तेरामधला फरक म्हणजे वर पिंपळपान यांनी लिहिलेल्या पायऱ्या. स्त्रीसाठीच्या कंडोमचे आकडे पाच आणि एकवीस. मूल अजिबात नको असेल तर तांबी किंवा गोळ्यांच्या जोडीला कंडोम असा दुहेरी बंदोबस्त करा.
संसर्गाचं म्हणाल तर एचआयव्ही, गनोरिया आणि क्लॅमिडियापासून तो चांगलं संरक्षण देतो. जननेंद्रियांवरचं हर्पिस, सिफिलिस आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) त्वचेला त्वचा लागूनही पसरतात, आणि कंडोम जिथे पोचत नाही तिथून ते शिरतात. तिथे संरक्षण अर्धवट. म्हणून एचपीव्हीची लस आणि तपासण्या वेगळ्या. मुखमैथुन आणि गुदमैथुनालाही कंडोम हवाच. गुदमार्गात नैसर्गिक ओलावा नसतो, म्हणून ल्युब्रिकंट भरपूर. आणि तिथून योनीकडे जाताना कंडोम बदलायचाच.
हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: कंडोम फाटला आणि जोडीदाराच्या एचआयव्हीबद्दल खात्री नसेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायची असतात. पहिल्या काही तासांत गेलात तर सर्वांत चांगलं.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. ल्युब्रिकंट आणलं, पैशांच्या पाकिटातले कंडोम टाकून दिले. पट्टीने घेर १२.५ आला, म्हणजे मधलाच झाला. ५३ घेऊ की ५६?

पिंपळपान:
आधी ५३चं छोटं पाकीट घ्या. उलगडताना अडला किंवा वळ उठला तर ५६. आणि आधी एकदा नवऱ्याला एकट्याने, घाई नसताना घालून बघायला सांगा. चिमटीची सवय तेव्हाच लागते. खोबरेल केसांना लावलं असेल तर पाकिटाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.