भूमिका न सोडता समोरच्याचे ऐकायचे कसे?

गोदाकाठ (प्रश्न)

मी निवृत्त शिक्षिका असून बीड जिल्ह्यातील आमच्या गावात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी छोटी अभ्यासिका चालवते. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी आंदोलन करणाऱ्यांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर गावोगावी काय झाले, हे मराठवाड्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको. एकमेकांच्या डब्यातले खाणारी मराठा आणि ओबीसींच्या बाजूची वंजारी मुले आता वेगवेगळ्या खिडक्यांशी बसतात. किराणा कोणाच्या दुकानातून आणायचा, हेसुद्धा आडनाव पाहून ठरते.

माझी भूमिका मी कधी लपवली नाही. ओबीसींच्या वाट्याला धक्का लागू नये आणि मराठा समाजातील गरिबीचे मूळ शेतमालाच्या भावात व महागलेल्या शिक्षणात शोधावे, असे मी मानते. गेल्या महिन्यात हे बोलून दाखवले तेव्हा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं आरक्षण रद्द केलं तेव्हा माझ्या भावाची नेमणूक लटकली होती. त्याचं पुढं काय झालं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही." खरेच विचारले नव्हते. पलीकडच्या खिडकीशी बसणाऱ्या मुलाचे आईवडील दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, मुकादमाची उचल फेडता फेडता हंगाम सरतो, आणि घरात येऊ घातलेली पहिली सरकारी नोकरी हातची जाईल, या धास्तीने तो मुलगा खंगत चालला आहे. या दोघांचेही मनापासून ऐकायचे, तर स्वतःची भूमिका पातळ करावी लागते का? पुरोगामी चळवळीत काम केलेल्यांनी अनुभवातून सांगावे.

माळावरची

ताई, मी काही वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते आणि बायकांच्या जटा सोडवायला जात असे. केस गुंतून, मळून त्यांचा गठ्ठा होतो, यापलीकडे जटेत काही नसते, याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. तरीही पहिल्या भेटीत मी हे कधी बोलले नाही. एका मावशींकडे पाच वेळा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझा हात धरून जटेखाली ठेवला आणि म्हणाल्या, "बघ, किती जड आहे. मान वळत नाही." त्यानंतर खरी भीती बाहेर आली: जट आल्यावर त्यांनी एकदा ती कापायचे मनात आणले होते, त्याच महिन्यात दीर वारले, आणि तो दोष घरच्यांनी त्यांच्या माथी मारला होता. ही भीती ऐकून घेतल्याशिवाय मी कात्री काढली असती, तर ते दार कायमचे बंद झाले असते. जट कापल्यानंतरचे आठ दिवस मी रोज त्यांच्या घरी जाऊन बसले, कारण घरात कोणाला साधा ताप आला असता तरी त्यांना पुन्हा एकटे पाडले गेले असते. माझे मत त्या सगळ्या काळात तसूभरही बदलले नाही. फक्त ते कधी आणि कशा शब्दांत सांगायचे, हे मावशींकडून शिकले.

निळी पाटी

वरचा अनुभव मोलाचा आहे, पण एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि प्रत्यक्ष नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे माझ्या वडिलांना गावातली भली माणसे हेच सांगत राहिली की, लोकांच्या भावना समजून घ्या, थोडे सबुरीने घ्या. ज्याचे घर जळाले त्यानेच समजून घ्यायचे, असा तो न्याय होता. म्हणून समजुतीची गोष्ट निघाली की मी आधी पाहतो, ती कोणाकडून मागितली जात आहे. तुमच्या अभ्यासिकेतली दोन्ही मुले गरिबीने गांजलेली आहेत, तिथे ऐकणे योग्यच आहे. पण त्या खोलीत आमच्या वस्तीवरचे कोणी बसते का, आणि त्याला कोणत्या खिडकीशी जागा मिळते?

चंद्रभागा

निळी पाटी यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी आधी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडले, विरोधकांशीही अत्यंत आर्जवाने बोलले, पण मागणी त्यांनी कमी केली नाही, आणि मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. आर्जव आणि आग्रह एकाच माणसात नांदू शकतात, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही. गोदाकाठ ताई, मुलांना आरक्षणावर बोलायला लावण्याआधी एकमेकांच्या घरचा वर्षाचा जमाखर्च लिहून पाहायला सांगा.

गोदाकाठ

चंद्रभागा यांनी सुचवल्याप्रमाणे दोघांना वह्या दिल्या. एकाने दुसऱ्याला विचारत विचारत लिहायचे, असे ठरवले. पहिले दोन दिवस दोघेही माझ्यामार्फतच बोलत होते. काल मात्र कापसाच्या फवारणीचा खर्च ऐकून ऊसतोड करणाऱ्यांचा मुलगा म्हणाला, "एवढं औषध मारून हातात काय राहिलं?" आणि त्यावर दोघे बराच वेळ बोलत बसले. आरक्षणावर त्यांचे मत जिथे होते तिथेच आहे, आणि माझेही. ज्या भावाची नेमणूक लटकली होती तो आता पुण्याला एका गोदामात रात्रपाळी करतो, हे मला आज कळले.

निळी पाटी, वस्तीवरचा एक मुलगा येतो. तो दाराशी, चपलांच्या जवळ बसतो, आणि आजवर मी ती त्याची आवड समजत होते. उद्या तिसरी वही आणते आणि आधी त्याच्याशी बोलते.