चुनी गोस्वामी आणि मोहन बागान: ही निष्ठा होती की दुसरा पर्यायच नव्हता?

गिरगावकर:
नमस्कार. माझे वडील तरुणपणी गिरगावातून चालत कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे फुटबॉल सामने पाहायला जात असत. कोलकात्याचा संघ मैदानात उतरणार असला की त्यांचे पाय घरी ठरत नसत, आणि त्या सगळ्या आठवणींत एक नाव हमखास येते, ते म्हणजे चुनी गोस्वामी. ते चेंडू पायाशी घेऊन नुसते खांदा झुकवत, समोरचा बचावपटू त्या बाजूला कलत असे आणि तोवर ते दुसऱ्या बाजूने निघून गेलेले असत. हे समजावताना वडील जेवणाच्या ताटातली आमटीची वाटी बोटाने अशी सरकवतात की आईला आजही धास्ती वाटते.

अलीकडे मी चुनी गोस्वामींविषयी वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट मनात घर करून राहिली. १९५४ पासून १९६८ पर्यंतची संपूर्ण क्लब कारकीर्द त्यांनी मोहन बागान या एकाच संघाकडून खेळून काढली. याचे कौतुक सर्वत्र होते. परंतु त्या काळी आपल्याकडे व्यावसायिक फुटबॉल नव्हता, खेळाडू कागदोपत्री हौशी असत आणि पोटापाण्यासाठी बँकेत किंवा रेल्वेत नोकरी करीत. मग एकाच क्लबमध्ये राहणे ही खरोखर निष्ठा म्हणावी, की परिस्थितीच तशी होती? शिवाय इतका मोठा आघाडीचा खेळाडू सत्ताविशीच्या आतच आंतरराष्ट्रीय फुटबॉलपासून दूर होऊन क्रिकेटकडे कसा वळला, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

हावडा_पूल:
नोकरीनिमित्त मी अकरा वर्षे कोलकात्यात होतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या ‘दलबदल’ या एका शब्दात आहे.

कोलकात्याच्या लीगमध्ये दर हंगामापूर्वी खेळाडूला क्लब बदलण्याची मुभा असे. राज्य संघटनेच्या कार्यालयात जाऊन नव्या क्लबच्या नावापुढे सही केली की काम झाले. त्या दिवसांत क्लबांचे पदाधिकारी मोठ्या खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या माणसांपासून दूर, एखाद्या हॉटेलात किंवा बागेतल्या बंगल्यात नेऊन ठेवत आणि सहीच्या दिवशीच बाहेर काढत. आपण म्हणता तसे खेळाडू हौशी होते हे खरे, पण हौशी असल्यामुळेच ते मोकळे होते. म्हणजे चुनीदांना मोहन बागानमध्ये राहण्याचा निर्णय एकदाच घेऊन भागले नाही. तो त्यांनी दरवर्षी नव्याने घेतला. प्रतिस्पर्धी क्लब ईस्ट बंगालचे सर्वेसर्वा ज्योतिष गुहा यांनी त्यांना फियाट गाडी देऊ केली होती, ही हकीकत तिथे आजही सांगितली जाते. स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणासाठी त्या काळात फियाट म्हणजे काय होती, हे आपल्या वडिलांना विचारावे.

दुसरी बाब मला याहून मोलाची वाटते. चुनीदांचा जन्म १५ जानेवारी १९३८ चा, किशोरगंजचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या लाखो विस्थापितांनी ईस्ट बंगालला आपले मानले, तर मोहन बागान हा पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे ‘घोटी’ मंडळींचा क्लब समजला जाई. सामना ईस्ट बंगालने जिंकला तर घरोघरी हिल्सा मासा शिजे, मोहन बागानने जिंकला तर चिंगडी, म्हणजे कोळंबी. जन्मभूमीचा विचार केला तर चुनीदांचे घर हिल्साच्या बाजूचे. तरीही १९४६ साली, वयाच्या आठव्या वर्षी, ते मोहन बागानच्या कनिष्ठ संघात दाखल झाले. तिथे बलाईदास चटर्जी यांनी त्यांना घडवले. २९ मे १९५४ रोजी ईस्टर्न रेल्वेविरुद्ध ते मुख्य संघातून प्रथम खेळले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्याच वर्षी क्लबने लीग आणि आयएफए शील्ड, दोन्ही जिंकले.

त्यांची जागा डाव्या आतल्या फळीत, म्हणजे इनसाइड लेफ्टला होती, आणि लीग भर पावसाळ्यात चाले. चिखलात चेंडू अडकतो, पाय रुततो, अशा मैदानावर चेंडू पायाला चिकटवून तीन जणांना चुकवणे किती अवघड आहे, हे चिखलात खेळलेल्या माणसालाच कळेल. १९६० ते १९६४ असे सलग पाच हंगाम ते कर्णधार होते. १९६३, १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ तीन वर्षे ड्युरँड चषकही मोहन बागाननेच उचलला.

रणजीप्रेमी:
क्रिकेटचा भाग मी सांगतो, कारण त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. चुनी गोस्वामी फुटबॉल संपवून क्रिकेटकडे वळले असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. काही वर्षे दोन्ही खेळ सोबत चालले होते. १९६६ च्या डिसेंबरात इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिजला डावाने हरवले. त्या सामन्यात सुब्रत गुहा यांनी अकरा आणि चुनी गोस्वामी यांनी आठ बळी घेतले. त्या वेळी ते मोहन बागानकडून फुटबॉल खेळतच होते, हे ध्यानात घ्यावे.

१९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालची गाठ मुंबईशी पडली. मुंबईने पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक राखला खरा, परंतु गोस्वामी यांनी ९६ आणि ८४ धावा काढून झुंज दिली. १९७१-७२ साली बंगाल पुन्हा अंतिम फेरीत आला, या वेळी त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि ब्रेबर्नवर पुन्हा मुंबईकडूनच हरला. प्रथम श्रेणीचे ४६ सामने ते खेळले. एका देशाला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण मिळवून देणारा कर्णधार आपल्या राज्याला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंतही नेतो, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

गिरगावकर:
आपणा दोघांचे मनापासून आभार. दलबदलाची पद्धत मला अजिबात ठाऊक नव्हती. लंडनच्या टॉटनहॅम क्लबने चुनी गोस्वामींना बोलावले होते असे वाचले, त्याविषयीही कोणी लिहील का?

जुना_मध्यरक्षक:
त्यासाठी आधी जकार्ता समजून घ्यावे लागेल. तिथे झालेल्या १९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे थायलंड आणि जपान यांना हरवून संघ उपांत्य फेरीत आला आणि तिथे दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ या विजयात दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामी यांचे होते. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी केलेल्या टीकेमुळे यजमान देशात भारताविरुद्ध रोष पसरला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबरला सेनायानच्या प्रचंड स्टेडियमवर प्रेक्षक भारतीय संघाची हुर्यो उडवत असताना पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले व त्याच कोरियाला आपण २-१ असे हरवले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले. भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत मिळालेले नाही.

टॉटनहॅमकडून चाचणीसाठी बोलावणे आले, ते याच बहराच्या काळात. बिल निकोल्सन यांच्या संघाने १९६०-६१ च्या हंगामात इंग्लंडची लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले होते, त्यामुळे हे बोलावणे लहान नव्हते. चुनी गोस्वामी गेले नाहीत. माझे मत असे की त्यांनी जायला हवे होते. ते तिथे टिकले असते तर पुढच्या दोन पिढ्यांना एक वाट दिसली असती. पण त्यांच्या नकाराला मी भीती म्हणणार नाही.

निष्ठेचा प्रश्न आपण काढलाच आहे, म्हणून एक तुलना मांडतो. बोल्टनचे नॅट लॉफ्टहाउस हे इंग्लंडचे थोर आघाडीवीर. एकाच क्लबसाठी लीगमध्ये २५५ गोल आणि देशासाठी ३३ सामन्यांत ३० गोल. त्यांचे बोल्टनवर मनापासून प्रेम होते यात शंका नाही, पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच हाती राहत असे, आणि १९६१ पर्यंत वेतनावर आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती. म्हणजे क्लब बदलूनही पगार वाढला नसता, आणि क्लबने सोडल्याशिवाय जाताही आले नसते. कोलकात्यात दार दरवर्षी उघडत होते आणि पलीकडे फियाट उभी होती. म्हणून एकनिष्ठेच्या कसोटीवर मी चुनी गोस्वामींना वरचे स्थान देतो.

गिरगावकर:
माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १५ जानेवारी २०२० रोजी, चुनी गोस्वामींच्या ब्याऐंशीव्या वाढदिवशी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले होते. मी त्या वेळी वडिलांसाठी दोन आणली होती आणि पुढे ३० एप्रिलला चुनी गोस्वामींच्या निधनाची बातमी आली. ती तिकिटे वडिलांच्या चष्म्याच्या डबीत अजून आहेत. ते आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. किशोरगंजची आणि हिल्साची गोष्ट आज जेवताना त्यांना वाचून दाखवणार आहे.