मोठा बँडसॉ घ्यायचाय, घरच्या वर्कशॉपसाठी. कोणता घेऊ?

शेडवाला_मुळशी
नमस्कार मंडळी. घरामागे १२ बाय १८ फुटांची शेड आहे. पाडलेल्या एका वाड्याच्या सागवानी तुळया स्वस्तात मिळाल्या, ९ इंच रुंद. त्या उभ्या चिरून पाऊण इंची फळ्या काढायच्यात. १८ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत, चाक १८ इंचाचं) डोक्यात आहे. लाइट सिंगल फेज. बजेट सव्वा लाख, वर एक रुपया नाही. नवा घ्यावा की जुना? बघायला गेलो तर काय बघू?

फिरकी
सव्वा लाखात खेळणं येईल. अडीचपर्यंत जा. मी तैवानचा घेतला, लोण्यासारखा कापतो.

न्यूजर्सीकर
माझ्या गॅरेजमध्ये ग्रिझली या अमेरिकन कंपनीचा १७ इंची आहे, २ एचपी. एकदम मस्त. तिकडे मिळतो का बघा.

सुताराचा_नातू
न्यूजर्सीकर, इकडे आणायचं भाडं आणि कस्टम धरलंत का? शिवाय तुमची मोटर ६० हर्ट्झची, इथे ५० वर हळू फिरेल आणि तापेल ते वेगळंच.

बापूकाका
मशीन हवंच कशाला? वखारीवर न्या, घनफुटावर कापून देतात. आमच्या वेळी असंच करायचे.

शेडवाला_मुळशी
काका, दोन वखारी पालथ्या घातल्या. जुनी तुळई म्हटलं की हात वर करतात. आत खिळे असतात म्हणून.

नियमावली
फॉरेस्टचं लायसन काढलंत का? २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने विनापरवाना सॉ मिल बंद करायला लावल्या होत्या.

सुताराचा_नातू
अहो, घरच्या शेडला सॉ मिल कसं म्हणता? तसं तर गल्लीतला प्रत्येक सुतार आत जाईल.

नियमावली
मी फक्त विचारलं. रेंज ऑफिसात जाऊन या आणि तुळयांची पावती जपून ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

फिरकी
पुन्हा सांगतो, अडीच लाख. एकदाच घ्यायचं असतं.

मेधा_लाकूडकाम
दादा, मी १४ इंची घेतला आणि मानेत, म्हणजे फ्रेमच्या खांबात, ६ इंचाचा तुकडा बसवून कापाची उंची १२ इंचांवर नेली. कागदावर तुमची तुळई आरामात जाते. प्रत्यक्षात पट्टी ताणायला गेलं की मान वाकते आणि काप मध्येच पोट काढतो. वर फळी सरळ, खाली पाव इंच बाहेर. तेव्हा चाकाच्या इंचांपेक्षा फ्रेमचा दणकटपणा बघा. चिरण्यासाठी इंचाला ३ दात्यांची पट्टी लावा. बारीक दात्यांत भुसा अडकून लाकूड जळतं. आणि सागात सिलिका असते, साधी पट्टी लवकर बोथट होते. पट्ट्यांचं बजेट वेगळं ठेवा, ते कोणी धरत नाही.

बापूकाका
मेधाताई, बरोबर. म्हणून तर म्हणतो, वखारीवर न्या.

वायरमन_सातारा
मोटरचं कोणी बोललंच नाही. ३ एचपी म्हणजे २.२ किलोवॅट, सिंगल फेजवर १५ अँपियरच्या आसपास खेचणार आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. १६ अँपियरच्या सॉकेटवर नको. मीटरपासून वेगळी लाइन ओढा, अर्थिंग नीट करा. शेजाऱ्याची बोअर चालू झाली की व्होल्टेज कुठे जातं तेही मोजा. जुन्या मशीनला थ्री फेज मोटर असेल तर लगेच नाही म्हणू नका. वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर असतील आणि मोटर स्टारमध्ये असेल, तर डेल्टात (स्टार, डेल्टा म्हणजे ती टोकं जोडायच्या दोन पद्धती) जोडून व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणाऱ्या ड्राइव्हवर, २३० व्होल्टला चालते.

फिरकी
जुनं मशीन म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी. माझ्या मेव्हण्याने घेतलं, टेम्पोतून उतरवताना आडवं पडलं, टेबलाचं बीड तडकलं. नवंच घ्या.

सुताराचा_नातू
उतरवता आलं नाही यात मशीनचा काय दोष? जुनं बघायला जाताना खडू न्या. पट्टी काढायची, वरचं चाक हाताने फिरवायचं आणि खडू कडेला टेकेल न टेकेल असा धरायचा. खूण सगळीकडे सारखी उमटली तर चाक खरं. एकाच बाजूला उमटली तर चाक डुलतं, घरी या. फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग गेलंय, पण ते बदलता येतं. चाकावरचं रबरही बदलता येतं. पट्टीला सरळ धरून ठेवणारं वरचं गाइड खाली-वर करताना पट्टीपासून सरकत असेल तर मात्र पुढे कटकट. आणि तुळया चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. जिथे लाकूड काळं पडलंय तिथे हमखास खिळा, डोकं मोडून आत राहिलेला.

न्यूजर्सीकर
+१ डिटेक्टरला. माझ्याकडे आहे, इकडे खूप स्वस्त मिळतो.

शेडवाला_मुळशी
मंडळी, घेतला. १८ नाही, २४ इंची. भोसरीत बंद झालेल्या फर्निचरच्या कारखान्यातला, पंजाबातल्या बटाल्याचा, सगळं बीड. ५५ हजार, मोटरसकट. थ्री फेजच आहे, पण सहा टोकं बाहेर दिसली. खडू सगळीकडे उमटला. मशीनची उंची पावणेसात फूट, माझा पत्रा आठ फुटांवर. उतरवायला क्रेनवाला सांगितलाय.

फिरकी
२४ इंच? १२ बाय १८ मध्ये? मग विचारलंत कशाला?

मेधा_लाकूडकाम
अभिनंदन! जागा खाईल, पण फ्रेम वाकणार नाही. भुशाची सोय आधी करा, माझी शेड महिनाभर पिवळी होती.

नियमावली
कारखान्याची विक्रीची पावती घेतलीत ना?

शेडवाला_मुळशी
घेतली साहेब. आता पट्टी वेल्ड करून घ्यायचीय. दुकानदार लांबी विचारतोय, मशीनवर कुठे लिहिलेली नाही.

सुताराचा_नातू
दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करा, त्यात व्यास गुणिले ३.१४ मिळवा. वरचं चाक टेन्शनच्या स्क्रूवर सरकतं, ते मधोमध आणून मग टेप लावा. अगदी वर ठेवून मोजलंत तर नवी पट्टी ताणायला जागाच उरणार नाही.