शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबायचं का?

भरतीओहोटी
परवा लग्नाच्या पंगतीत एक काका म्हणाले, "या हवामानशास्त्रज्ञांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही आणि निघाले 2070 चं हवामान सांगायला!" सगळे हसले, मीही हसलो. नंतर मात्र ते डोक्यातून जाईना.

1985 च्या पुरानंतर मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांचा अभ्यास झाला आणि 1993 साली ब्रिमस्टोवॅड अहवाल आला. ताशी 25 मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली जुनी व्यवस्था 50 मिमीपर्यंत न्या, असं त्यात होतं. खर्च फार, म्हणून तो बासनात गेला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी कोसळला, तेव्हा बासन सोडलं. ती तारीख 1993 मध्ये कुणालाच ठाऊक नव्हती, पण गटारं रुंद करायला तारीख कशाला लागते?

तापमानवाढीचंही तसंच. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर बहुधा 2.5 ते 4 अंश वाढ, असं आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, 2021 चा अहवाल सांगतो. अंतर मोठं आहे. "आधी नक्की आकडा आणा" म्हणणाऱ्यांना त्यातला 2.5 तेवढा दिसतो. मला 4 ची धास्ती वाटते.

आकडे_आधी
उदाहरण फसलं. त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात 190 मिमी पडला. 50 च्या गटाराने काय दिवे लावले असते? त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम 73 मिमी. आणि मिठी नदीच्या पात्रात भराव टाकून बांधकामं केली, ती काय तापमानवाढीने?

हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत संपतील, हेही आयपीसीसीनेच 2007 साली छापलं होतं. 2010 मध्ये चूक कबूल करावी लागली. खबरदारी फुकट नसते हो. एका भीतीवर घातलेला पैसा दुसऱ्या कामातून काढलेला असतो.

भरतीओहोटी
190 ला 50 पुरलं नसतं, मान्य. पाणी तुंबलंच असतं, पण ओसरलं लवकर असतं. 2035 ची चूक हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच उघड केली, पंगतीतल्या काकांनी नव्हे. ओझोनचं बघा. फ्रिजमधल्या वायूंसारख्या सीएफसी रसायनांमुळे ओझोनच्या थराला धोका आहे, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं 1974 साली, ती रसायनं कमी करायचा माँट्रियल करार झाला 1987 ला. तेव्हाही सगळे दुवे जुळले नव्हते.

आकडे_आधी
तिथे कारखानदार मोजके आणि पर्यायी रसायनं आवाक्यात. कोळशाची गोष्ट वेगळी, हे तुम्हालाही माहीत आहे.

चंद्रपुरी
कोळशाचं नाव निघालंच आहे तर बोलतो. आमच्या चंद्रपुरात कोळशावर चालणारं 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. राख आमच्या गच्चीवर, वीज तुमच्या एसीला. बंद करा म्हटलं तर पोरांच्या नोकऱ्या, चालू ठेवा म्हटलं तर खोकला. खबरदारी घ्या ना, पण कोणाच्या खिशातून, ते आधी लिहा.

कापूसवाला, यवतमाळ
भाऊ, आमच्यापुढं हा प्रश्न दर जूनमध्ये असतो. कृषी खातं सांगते, 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याबिगर पेरू नका. बरोबर आहे. पण वाट पाहत बसलं की पेरणी लांबते अन् उतारा घटतो. म्हणजे थांबणं ही खबरदारी, अन् वेळेत पेरणं हीपण खबरदारीच! मी अर्ध्या रानात धूळपेरणी करतो, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरतो, अर्धं पावसासाठी ठेवतो. शेजारी हसतात. हसू द्या.

भरतीओहोटी
हे आवडलं. पण पेरणी फसली तर दुबार करता येते. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो.

कापूसवाला, यवतमाळ
"दुबार करता येते" हे लई सहज लिहिलं तुम्ही. बियाण्याची दुसरी पिशवी उधारीवर येते, अन् तीही दुकानदाराच्या मनात असलं तर. मुद्दा पटला, उदाहरण जपून वापरा.

आकडे_आधी
अर्ध्या रानाचा हिशोब कोळशाला लावा, मग माझी फारशी हरकत नाही. नवीन केंद्रं नकोत, जुनी आयुष्य संपेपर्यंत चालवा.

चंद्रपुरी
आयुष्य कोणाचं म्हणता, केंद्राचं का आमचं?